फिरत्या स्थानकाच्या दारीं

स्टॅन्ले कुब्रिक या अमेरिकन दिग्दर्शकानें १९६८ सालीं काढलेला '२००१: ए स्पेस ओडिसी' हा बोलपट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ज्यांनीं तो पाहिला नसेल, त्यांच्याकरितां त्यांतील एक प्रसंग थोडक्यांत सांगतों. काळ्याभोर आकाशांत एकाच आंसावर दोन प्रचंड चाकें बसवावीं तसें एक स्थानक संथपणें फिरत आहे. त्यांतलें एक चाक अजून अपुरें असून त्याचा सांगाडा उघडा दिसतो. एक निमुळतें, पांढरें यान तिकडे चाललें आहे. आंत उतारू एकच, आणि तोहि झोंपीं गेलेला. त्याच्या हातून सुटलेली लेखणी हवेंत तरंगत आहे. यान स्थानकाच्या मध्यभागासमोर येतें आणि स्वतःच्या लांबीभोंवतीं हळूहळू गिरकी घेऊं लागतें. स्थानक ज्या वेगानें फिरतें, त्याच वेगानें यानहि फिरतें. पार्श्वभागीं योहान स्ट्राउसचें 'ब्लू डॅन्यूब' हें नृत्यसंगीत चालू असतें, आणि चाकाच्या मध्यभागीं असलेलें प्रकाशित दार जवळ जवळ येत जातें.

यानावर 'पॅन अमेरिकन' या विमानकंपनीचें नांव झळकतें. ही कंपनी १९९१ सालींच बुडाली. तेव्हां कथेंतील २००१ साल तिनें पाहिलें नाहीं. असो. कंपन्यांविषयींचें भाकीत चुकलें, तरी यानाच्या गिरकीचें शास्त्र चुकलेलें नाहीं, आणि आजचा आमचा विषय तोच आहे. यान स्वतः कां फिरतें?

त्याआधीं स्थानक कां फिरतें हें पाहिलें पाहिजे. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या यानांत मनुष्यास वजन जाणवत नाहीं. अशा स्थितींत महिनेच्या महिने राहिल्यास हाडें विरळ होतात व स्नायू शिथिल पडतात. यावर एक उपाय फार पूर्वींच सुचविला गेला होता. हर्मन पोटोच्निक नांवाच्या एका माजी ऑस्ट्रियन लष्करी अभियंत्यानें 'नूरडुंग' या टोपणनांवानें १९२८ च्या अखेरीस एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत अंतराळांत फिरणाऱ्या एका वस्तीच्या चाकाचीं सविस्तर चित्रें दिलीं. चाक फिरलें म्हणजे आंतील मनुष्य बाहेरच्या कडेकडे रेटला जातो व ती कडच त्याची जमीन होते. हा गृहस्थ पुढच्याच वर्षीं, अवघ्या ३६ व्या वर्षीं वारला. १९५२ सालीं वेर्नर फॉन ब्राउन यानें अमेरिकेंतील 'कॉलियर्स' साप्ताहिकांत २५० फूट व्यासाच्या चाकाची योजना मांडली, आणि बोलपटांतील स्थानक हें त्याच घराण्यांतलें आहे.

हिशेबास सोपें जावें म्हणून असें धरूं कीं, चाकाचा व्यास ३०० मीटर असून तें मिनिटाला एक फेरा घेतें. मग त्याच्या कडेवर मनुष्यास पृथ्वीवरील वजनाच्या सुमारें एक षष्ठांश, म्हणजे चंद्रावर जाणवतें तितकें वजन जाणवेल. परंतु त्याच वेळीं ती कड ताशीं सुमारें ५६ किलोमीटर वेगानें धांवत असेल. तेथें यान लावणें म्हणजे धांवत्या आगगाडीस बाहेरून चिकटणें. आणि ही आगगाडी सरळ जात नसून क्षणोक्षणीं वळत असते.

आमच्या भगिनींस हें समजावून सांगण्यास जात्याचा दाखला पुरेसा होईल. खुंटा धरलेला हात सगळें वर्तुळ फिरतो; परंतु जेथें धान्याची मूठ घालावयाची, तें तोंड मध्यभागीं असल्यामुळें जातें फिरत असतांनाहि मूठ तेथें बिनचूक पडते. मध्यबिंदु जागचा हालत नाहीं, तो नुसता वळतो. म्हणून फिरत्या स्थानकाचें दार गाडीच्या चाकाच्या तुंब्याच्या जागीं, म्हणजे आंसावरच असावें लागतें. तेथें पोंचणाऱ्या यानास एकच गोष्ट साधावी लागते: त्या वळण्याशीं आपलें वळणें जुळविणें. तें जुळलें म्हणजे वैमानिकाच्या दृष्टीनें स्थानक स्थिर होतें आणि तारेच फिरूं लागतात.

येथें एक मौजेचा भेद नमूद करण्यासारखा आहे. याच कथेवर आर्थर क्लार्क यांनीं लिहिलेल्या कादंबरींत यान गिरकी घेतच नाहीं. तेथें स्थानकाच्या आंसावरून बाहेर आलेले बाहु स्थानकाच्या उलट दिशेनें, तितक्याच वेगानें फिरविलेले असतात. अर्थात ते बाहेरून स्थिर दिसतात आणि यान त्यांस सरळ येऊन लागतें. नूरडुंगची कल्पनाहि याच जातीची होती: त्याच्या चाकाच्या मध्यावरील प्रवेशकोठडी उलट फिरवून स्थिर करावयाची, मनुष्य आंत आला म्हणजे तिला पुन्हां चाकाची गति द्यावयाची. थोडक्यांत, बोलपटांत पाहुण्यानें यजमानाच्या चालीशीं जुळवून घ्यावयाचें, आणि कादंबरींत यजमानानें दारापुरता आपला रिवाज बाजूस ठेवावयाचा.

दोहोंपैकीं चांगलें कोणतें? कादंबरींतील रीत वैमानिकास सुखाची खरी. परंतु फिरता भाग व न फिरणारा भाग यांच्यामधील सांधा सदैव हवाबंद राखणें हें यंत्रज्ञास मोठें संकट आहे. यानास गिरकी देणें त्या मानानें स्वस्त. चार लहान झोत सोडले कीं काम झालें. शिवाय यान आधींच फिरत असल्यामुळें त्याला वळविण्याचा बोजा स्थानकावर पडत नाहीं. म्हणून आमचें मत बोलपटाच्या बाजूनें पडतें. मात्र त्यांत एक अडचण आहे: आंसास टोकें दोनच असतात, त्यामुळें तिसरें यान आलें तर त्यानें थांबावयाचें. आणि तें आंसापासून थोडें बाजूस लावूं म्हटलें, तर पंख्याच्या एका पात्यास वजन बांधल्यावर पंखा जसा थरथरतो, तसें सगळें स्थानक डुलूं लागेल.

आतां बोलपटानें न दाखविलेल्या गोष्टीकडे वळूं. यान स्थानकासमोर आलें तेथून प्रसंग सुरू होतो. पण समोर येणें हेंच अर्धें कार्य आहे. स्थानकाचा सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक असलेला वेग ऐकून छाती दडपते, परंतु तो वेग स्वतः अडचणीचा नाहीं. मुंबईस दोन लोकल गाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून एकाच वेगानें धांवत असल्या, तर समोरच्या डब्यांतील मनुष्याच्या हातांतील वर्तमानपत्र आपणांस वाचतां येतें. अडचण आहे ती वेगांतील फरकाची. तो फरक मिटवितांना अंतराळांत व्यवहारबुद्धि उपयोगीं पडत नाहीं. पुढें असलेल्या यानास गांठण्यासाठीं वेग वाढविला, तर आपली कक्षा उंचावते, मोठ्या वर्तुळास वेळ अधिक लागतो, आणि आपण मागें पडतों. उलट वेग कमी केला कीं खालच्या, लहान कक्षेंत उतरून आपण पुढें निघतों. जून १९६५ मध्यें 'जेमिनी ४' यानांतून जेम्स मॅकडिव्हिट यांनीं आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा यत्न केला. ते त्याच्या रोखानें झोत सोडीत आणि तो दूर दूर जाई. पुष्कळसें इंधन खर्ची पडल्यावर तो नाद सोडावा लागला. हें गणित ज्याच्या डोक्यांत भिनलें होतें, त्या बझ ऑल्ड्रिन यांनीं १९६३ सालीं याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. नोव्हेंबर १९६६ मध्यें 'जेमिनी १२' चें रडार दगा देतांच त्यांनीं कोन मोजण्याचें यंत्र व कोष्टकें घेऊन हिशेब केला आणि यान ठिकाणीं आणून पोंचविलें.

फिरणारें, आणि स्वतःहून कसलीहि मदत न करणारें स्थानक गांठण्याचा प्रसंग मनुष्यावर खरोखरच एकदां आला. सोव्हिएत रशियाचें 'साल्यूत ७' हें सुमारें २० टनांचें स्थानक आंत माणसें नसतांना फेब्रुवारी १९८५ मध्यें एकाएकीं मुकें झालें. विजेचा पुरवठा संपला, संदेश बंद पडले, आणि तें नियंत्रणाविना वाहवत राहिलें. एरवीं स्थानकाचें व यानाचें रेडिओवरून संभाषण चालतें व त्यावरून अंतर आणि दिशा कळते. येथें यजमान बेशुद्ध पडलेला. ६ जून १९८५ रोजीं व्लादिमीर जानिबेकोव व विक्टर साविनिख हे दोघे 'सोयूझ टी-१३' मधून निघाले. जानिबेकोव यांस हातानें यान लावण्याचा पूर्वीं अनुभव होता. म्हणूनच त्यांची निवड झाली.

पृथ्वीवरील रडारांच्या साह्यानें त्यांस स्थानकाच्या जवळपास आणून सोडण्यांत आलें. त्यापुढें आधार होता तो डोळ्यांचा आणि हातांत धरून वापरावयाच्या लेझर अंतरमापकाचा. समोरून नीट दिसेना, म्हणून जानिबेकोव यांनीं यानच आडवें केलें व बाजूच्या खिडकींतून पाहून तें चालविलें. जवळ गेल्यावर दिसलें कीं, सूर्यप्रकाश घेणारे फलक भलत्याच दिशांस तोंडें करून उभे आहेत. आंत वीज नाहीं, हें तेथेंच कळून चुकलें. स्थानकाचें वळणें ओळखून त्यांनीं यानास त्या चालीवर आणलें, वळसा घालून दार समोर घेतलें, आणि ८ जून रोजीं यान लागलें. आंत मिट्ट काळोख होता, पाणी गोठलेलें होतें, भिंतींवर हिम साचलें होतें. लोकरी टोप्या घालून त्या दोघांनीं कित्येक दिवस खपून तें स्थानक पुन्हां जागें केलें. त्यांच्या पाठीशीं कसलेंहि संगीत नव्हतें. परंतु बोलपटांतील गिरकीपेक्षां ही गिरकी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

बोलपटांतील प्रसंग यान दारांत शिरतां शिरतां संपतो. प्रत्यक्ष स्पर्श कुब्रिकनें दाखविला नाहीं, आणि कठीण तोच आहे. दोन वस्तु वजनरहित असल्या तरी त्यांचें जडत्व जात नाहीं. २५ जून १९९७ रोजीं रशियाच्या 'मीर' स्थानकावर वासिली त्सिब्लियेव हे 'प्रोग्रेस' हें सुमारें सात टनांचें मालवाहू यान दुरून, पडद्यावरील चित्र पाहून, हातानें आणीत होते. अंतर व वेग सांगणारें साधन त्या वेळीं चालू नव्हतें. यान 'स्पेक्त्र' नांवाच्या दालनावर आदळलें. वेग सेकंदाला तीनेक मीटर, म्हणजे सायकलवरून जाणाऱ्याएवढाच. परंतु तेवढ्यानें भिंतीस भोंक पडून हवा बाहेर जाऊं लागली. दारांतून गेलेल्या विजेच्या तारा तोडून तें दालन बंद करण्यास आंतील तिघांस कांहीं मिनिटेंच मिळालीं. धक्क्यानें स्थानक फिरूं लागलें होतें. मायकेल फोल यांनीं खिडकीशीं अंगठा धरून, त्याच्या आड तारे किती वेळांत सरकतात तें पाहून स्थानकाच्या फिरण्याचा वेग काढला व खालीं कळविला.

याच्याशीं आपल्या देशाच्या प्रयोगाची तुलना करावी. ३० डिसेंबर २०२४ रोजीं श्रीहरिकोटा येथून 'स्पेडेक्स' चे, प्रत्येकीं सुमारें २२० किलो वजनाचे, दोन उपग्रह एकाच अग्निबाणानें गेले. त्यांचा स्पर्श सेकंदाला अवघा एक सेंटिमीटर इतक्या वेगानें व्हावा अशी योजना होती. भिंतीवरची गोगलगाय यापेक्षां फारशी मागें नसते. जोडणीचा दिवस दोनदां पुढें ढकलण्यांत आला. १२ जानेवारी २०२५ रोजीं उपग्रह एकमेकांपासून तीन मीटरांवर आणून पुन्हां दूर नेण्यांत आले, आणि १६ जानेवारीस ते जोडले गेले. अमेरिका, रशिया व चीन यांच्यानंतर ही विद्या साधणारा भारत चौथा देश ठरला. इतक्या जवळ आणून परत फिरविल्याबद्दल त्या चार दिवसांत पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. 'मीर' ची हकीकत ज्यांस ठाऊक होती, त्यांनीं मुरडलीं नसावीं.

माणसें राहूं शकतील असें फिरतें चाक अद्याप कोणींहि अंतराळांत उभारलेलें नाहीं. सप्टेंबर १९६६ मध्यें 'जेमिनी ११' नें एका रिकाम्या यानास ३० मीटर लांबीच्या पट्ट्यानें बांधून दोघांस एकमेकांभोंवतीं संथ फिरविलें, तेव्हां वजनाचा केवळ भास म्हणावा इतकी ओढ उत्पन्न झाली. एवढीच काय ती त्या दिशेनें झालेली सुरवात. आजचें आंतरराष्ट्रीय स्थानक चाकासारखें फिरत नाहीं. तेथें पोंचणाऱ्या यानास गिरकी घ्यावी लागत नाहीं. तेथें वाट पाहावी लागते ती निराळ्याच कारणासाठीं. २६ जून २०२५ रोजीं भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं चारच्या सुमारास शुभांशु शुक्ला व त्यांचे तिघे सहप्रवासी यांचें 'ड्रॅगन' यान स्थानकास लागलें. यान लागलें, आंकडे बसले, तरी दार उघडलें नाहीं. सांध्यांतून हवा कोठें झिरपत नाहीं ना, दोन्हीं बाजूंचा दाब सारखा झाला ना, हें तपासण्यांत दीड तासाहून अधिक वेळ गेला. पलीकडे स्थानकांतील मंडळी स्वागतासाठीं जमली होती, आणि हे चौघे दाराच्या अलीकडे बसून होते.