दुय्यम प्रशिक्षकास मुख्य नेमावें काय?

आजचा विषय खेळांतला असला तरी तो केवळ खेळाडूंपुरता नाहीं. संघाचा मुख्य प्रशिक्षक निघून गेला म्हणजे त्याच्या हाताखालीं राबलेल्या माणसास ती जागा द्यावी, कीं बाहेरून दुसरा कोणी आणावा? हा प्रश्न क्रिकेटच्या मोठ्या संघांना पडतो, तसाच आमच्या गिरणाकांठच्या भडगांवांतल्या कबड्डीच्या संघासही पडतो. शाळेचा मुख्याध्यापक नेमतांना किंवा तालमीचा वस्ताद ठरवितांनाही तो टळत नाहीं. निवड चुकली तर मुलांचीं दोन-तीन वर्षें फुकट जातात, आणि खेळणाऱ्याच्या आयुष्यांत उमेदीचीं वर्षें फार थोडीं असतात.

प्रथम एक प्रसिद्ध प्रसंग सांगतों. सन १९८८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना चालला होता. शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोघांनीं त्यांत ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्यांचे गुरु रमाकांत आचरेकर त्या वेळीं मैदानावर नव्हते. त्यांचे सहाय्यक डाव सोडण्याविषयीं सीमेवरून खुणावीत होते, आणि मुलें त्यांच्याकडे पाहण्याचेंच टाळीत होतीं. अखेर खुद्द आचरेकरांचा शब्द आला तेव्हां डाव सोडण्यांत आला. सहाय्यकांचें म्हणणें आणि गुरूंचें म्हणणें एकच होतें. उणीव होती ती अधिकाराची. म्हणून ‘याचें कोणी ऐकत नाहीं’ एवढ्यावरून दुय्यमास नापास करणें न्यायाचें नाहीं. कांहीं अधिकार माणसाच्या अंगीं असतो, कांहीं त्या जागेबरोबर येतो.

परंतु हेंही खरें कीं, दोन्ही कामांची जात निराळी आहे. दुय्यम प्रशिक्षक एकेका खेळाडूबरोबर बसतो, त्याचे दोष काढतो, तो खचला तर त्याला धीर देतो. मुख्य प्रशिक्षकास सर्व संघाचा विचार करावा लागतो. पंधरांतून अकरा निवडायचे म्हणजे चौघांना बाहेर बसवायचें. आणि त्या चौघांत कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर आपण हात ठेवीत होतों तोही असूं शकतो. उत्तम वर्गशिक्षक उत्तम मुख्याध्यापक होतोच असें नाहीं, हें आम्हां शाळामास्तरांना चांगलें ठाऊक आहे.

आतां एक अलीकडचें उदाहरण तपासूं. कोलकाता नाइट रायडर्स या संघानें ऑक्टोबर २०२५ मध्यें अभिषेक नायर यांस मुख्य प्रशिक्षक नेमलें. मुंबईकडून वर्षानुवर्षें रणजी खेळलेला हा खेळाडू. भारतातर्फे मात्र त्यांस तीनच एकदिवसीय सामने मिळाले. त्याच संघांत ते पूर्वीं सहाय्यक होते. दिनेश कार्तिकसारख्या अनुभवी खेळाडूंना एकेकट्यानें शिकवून त्यांचा खेळ सांवरण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. अशा उमेदवाराची पारख कशी करावी? माझ्या मतें चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, संघाच्या यशापयशांत त्याचा स्वतःचा वांटा कोणता? नायर जुलै २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंत भारतीय संघाचे सहाय्यक होते. या अवधींत न्यूझीलंडनें आपणांस आपल्याच भूमीवर तिन्ही कसोट्यांत हरविलें, ऑस्ट्रेलियानें ३-१ अशी मालिका जिंकली, आणि मार्च २०२५ मध्यें आपण दुबईस चॅम्पियन्स करंडक मिळविला. पराभवाचें खापर सहाय्यकाच्या माथीं फोडावें तर करंडकाचें श्रेयही त्यालाच द्यावें लागेल. दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य होत. अमुक खेळाडू त्याच्या हाताखालीं येण्यापूर्वीं कसा होता आणि नंतर कसा झाला, हाच येथें विश्वासाचा पुरावा.

दुसरा प्रश्न, त्यानें एकट्यानें भार कधीं वाहिला आहे काय? नायर यांनीं २०२२ सालीं वेस्ट इंडीजमधील ट्रिनबागो संघाचें मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलें होतें. त्या वर्षीं तो संघ शेवटच्या चारांतही पोंचला नाहीं. जुलै २०२५ मध्यें महिलांच्या यू. पी. वॉरियर्झ संघानेंही त्यांस मुख्य नेमलें. एका हंगामाच्या अपयशावरून माणूस मोडीत काढूं नये. पण तें झांकूंही नये. त्या अपयशांतून तो काय शिकला, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. जो सारा दोष खेळाडूंवर ढकलतो, त्याच्या हातीं संघ देऊं नये.

तिसरा प्रश्न, अप्रिय निर्णय सांगण्याचें धैर्य त्याच्यापाशीं आहे काय? याची चौकशी करतांना संघांत खेळलेल्यांना विचारून भागत नाहीं, वगळलेल्यांना विचारावें. ‘मला बाहेर बसविलें, पण कारण समोर बसवून सांगितलें,’ असें वगळलेला मुलगा म्हणाला तर तें मोठें प्रशस्तिपत्र समजावें.

चौथा प्रश्न, गुरूची नक्कल करणार कीं स्वतःची वाट काढणार? नायर यांच्यापूर्वीं तेथें चंद्रकांत पंडित होते. कडक शिस्तीचे म्हणून त्यांची ख्याति. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन निरनिराळ्या संघांना त्यांनीं रणजी करंडक मिळवून दिला. त्यांच्या कारकीर्दींत कोलकात्यानें २०२४ सालीं अजिंक्यपद मिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं तो संघ आठव्या स्थानीं घसरला. अशा वेळीं खेळाडूंशीं जवळीक असलेला माणूस निवडणें समजण्यासारखें आहे. मात्र त्या जवळिकीला शिस्तीची जोड तो कशी देणार, हें नेमणुकीपूर्वींच विचारून घ्यावें.

अमेरिकेंत कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांपुढें हा प्रश्न नेहमीं उभा राहतो. तेथें सहाय्यक गांवोगांव फिरून होतकरू मुलें हेरतो आणि प्रतिपक्षाचा खेळ अभ्यासून ठेवतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ १९९७ सालीं निवृत्त झाले, तेव्हां तीस वर्षें त्यांच्या हाताखालीं काम केलेले बिल गथरिज मुख्य झाले. तीन हंगामांत त्यांनीं ८० सामने जिंकले, २८ गमावले, आणि दोनदां संघास शेवटच्या चारांत नेलें. ड्यूक विद्यापीठानें निराळी युक्ति केली. माइक शशेव्स्की २०२२ सालीं पायउतार व्हावयाचे होते. त्यांचे सहाय्यक जॉन शायर हे वारस असल्याचें तेथें २०२१ मध्येंच जाहीर झालें. एक वर्ष गुरु जागेवर असतांनाच शिष्यास तयारी करतां आली. शायर यांनीं २०२५ सालीं संघ शेवटच्या चारांत नेला.

आणखी एक नांव घेतलेंच पाहिजे. वर सांगितलेली ६६४ धावांची भागीदारी चालली असतां पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहणारा मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. त्यांनीं प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धावा केल्या. तरी भारताकडून त्यांस खेळावयास मिळालें नाहीं. पुढें राजस्थान रॉयल्सकडे फलंदाजीचे प्रशिक्षक, मग मुंबईचे मुख्य प्रशिक्षक, अशा पायऱ्या ते चढले. त्यांचा मुंबई संघ २०२२ सालीं रणजीच्या अंतिम सामन्यांत पोंचला, आणि तेथें पंडितांच्याच मध्य प्रदेशाकडून हरला. ऑक्टोबर २०२३ मध्यें ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. विश्वचषकांत ओळीनें तीन सामने गमावल्यावरही तो संघ ढांसळला नाहीं, आणि ता. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत त्यानें विश्वचषक जिंकला. दुय्यम आणि मुख्य, दोन्ही कामांची चव घेतलेला उमेदवार मिळाला तर तो सर्वांत बरा, असा याचा बोध आहे.

आतां आपल्या गांवापुरतें बोलूं. आपल्या शाळांना नि मंडळांना बाहेरून नांवाजलेला माणूस आणण्याची ऐपत क्वचितच असते. बहुधा दुय्यमाकडेच पाहावें लागतें. तर जागा रिकामी होईपर्यंत थांबूं नका. तालुक्याची एखादी स्पर्धा पूर्णपणें त्याच्यावर सोंपवा आणि मुख्यानें त्या दिवशीं मैदानावर जाऊं नये. खेळाडू कोणी निवडले, हरल्यावर तो काय बोलला, पालकांच्या भिडेला बळी पडला काय, हें पाहा. ज्येष्ठता हा गुण आहे, पण तेवढ्यावर हक्क पोंचत नाहीं. आणि शेवटीं त्याला नेमावयाचें नाहीं असें ठरलें, तर बाहेरचा माणूस येण्यापूर्वीं त्याला बोलावून कारण स्पष्ट सांगा. बारा वर्षें पहांटे उठून ज्यानें मैदान आंखलें, त्याला ही बातमी चहाच्या दुकानांत कळूं नये.