कावळा, फांदी आणि दुरुस्त होऊन आलेली मोटार

मोटार दुरुस्तीला दिली, ती दुरुस्त होऊन घरी आली, आणि दोन दिवसांत तिच्यात पूर्वी कधी नसलेले नवेच दुखणे उभे राहिले, हा अनुभव ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांपैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी मालकाच्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘त्यांनीच बिघडवली!’ आणि वर्कशॉपातून उत्तर येते, ‘याचा आमच्या कामाशी संबंध नाही.’ ही दोन्ही वाक्ये तपासाच्या आधीची आहेत, म्हणून दोन्ही सारखीच अविश्वसनीय आहेत.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. जुन्या पंडितांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे. एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. पण कधी कधी कावळा जड असतो आणि फांदी त्याच्याच भाराने मोडते, हेही तितकेच खरे. तेव्हा कोणावर चिडावे हा प्रश्न नसून, फांदी आधीच किडलेली होती की कावळ्याने मोडली, हे ओळखावे कसे, हा खरा प्रश्न आहे.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या पाच वर्षांच्या मोटारीचा वॉटर पंप गळू लागला म्हणून ती आम्ही कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात दिली. पंप बदलून मोटार परत आली. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन साताऱ्यास निघालो, आणि खंबाटकीच्या घाटात उष्णतेचा काटा एकाएकी तांबड्या रेघेकडे सरकला. बॉनेटखालून वाफ निघू लागली. ऐंशीच्या घरातली आई भर उन्हात रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती, आणि आम्ही हतबुद्ध होऊन वाफेकडे पाहत होतो.

मोटार ओढून वर्कशॉपात नेल्यावर सांगण्यात आले की हेड गॅस्केट गेले आहे, खर्च मोठा आहे, आणि गाडी जुनी झाली की असे व्हायचेच. तो खर्च आम्हांला झेपणारा नव्हता. पण घाटात एका वयस्क मेकॅनिकने आम्हांस एक गोष्ट दाखवून ठेवली होती. नव्या पंपाला जोडलेल्या रबरी नळीचा क्लँप आपल्या जागी बसलेला नव्हता, आणि तेथून खाली रंगीत कूलंटचा ओघळ गेला होता. ‘हात लावू नका, आधी फोटो काढा,’ असे तो म्हणाला. त्या फोटोने पुढचे सारे काम केले. नळी सुटल्यामुळे कूलंट गेले, कूलंट गेल्यामुळे इंजिन तापले, आणि तापल्यामुळे गॅस्केट गेले, ही साखळी मॅनेजरांनी स्वतःच मान्य केली व गॅस्केट विनामूल्य बदलून दिले.

येथवर आमचा विजय झाला. परंतु त्याच तक्रारीत आम्ही आणखी एक कलम घातले होते. वातानुकूलन बंद पडले, तेही यांनीच बिघडवले, असे आमचे ठाम मत होते, आणि पंप बसविणाऱ्या तरुण मुलाला त्याबद्दल आम्ही चारचौघांत बोललो होतो. तपासात निघाले की रेडिएटरच्या पुढे असणाऱ्या कंडेन्सरला रस्त्यावरचा खडा लागून भोक पडले आहे. त्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आम्ही त्याची क्षमा मागितली. पण चारचौघांत केलेला अपमान एकांतात परत घेता येत नाही. एकाच मोटारीत, एकाच आठवड्यात, एक फांदी कावळ्याने मोडली होती आणि एक नव्हती.

दुरुस्तीनंतर उद्भवणाऱ्या दोषांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिला वर्ग हातून राहिलेल्या कामाचा. नळी वा वायर जोडायची राहिली, अर्थिंगची वायर सैल राहिली, ब्रेकच्या तेलात हवा राहून पेडल मऊ लागू लागले, सस्पेन्शनचे काम झाले पण चाकांची अलाइनमेंट न केल्यामुळे मोटार एका बाजूस ओढू लागली, असे हे दोष असतात. ज्या जागी काम झाले त्याच जागी किंवा तिच्या शेजारी ते सापडतात, आणि बहुधा पहिल्या काही दिवसांतच दिसतात.

दुसरा वर्ग उघडल्यामुळे दुखावलेल्या जुन्या भागांचा. वर्षानुवर्षे उष्णता खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ होते, रबर कडक होते. ते हलविताच तडकते. यात कारागिराची चूक असेलच असे नाही. मात्र तुटलेली वस्तू न सांगता तशीच बसवून देणे ही चूकच होय.

तिसरा वर्ग निव्वळ योगायोगाचा, आमच्या कंडेन्सरसारखा. याखेरीज, दोष नव्हेच अशीही एक अवस्था आहे. कामासाठी बॅटरी काढली की इंजिनाच्या संगणकाने शिकून ठेवलेली जुळणी काही मोटारींत पुसली जाते, आणि इंजिन थोडा वेळ अडखळत चालते. काही किलोमीटर चालविल्यावर ते पूर्ववत होते.

आता कृतीचा भाग. मोटार देताना जॉबकार्डावर किलोमीटरचा आकडा आणि आधीचे ओरखडे लिहून घ्यावेत. तक्रार लिहिताना उपाय सांगू नये, लक्षण सांगावे. ‘क्लच बदला’ असे लिहिले तर क्लच बदलला जाईल. ‘चढावर दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही’ असे लिहिले तर दोष शोधला जाईल. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. मोटार परत घेताना सुपरवायझरला शेजारी बसवून एक फेरी मारावी. या दहा मिनिटांत पुढचे दहा हेलपाटे वाचतात.

नवा दोष दिसला तर तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होते की गरम, वेग किती होता, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे. इंजिनाचा दिवा पेटला असेल तर संगणकातील दोषांक वाचून त्याची प्रत मागावी, आणि ती मिळेपर्यंत दोषांक पुसू देऊ नयेत; कारण दोष कोणत्या स्थितीत उद्भवला याची नोंदही त्याबरोबर जाते. दुसऱ्या गॅरेजात मोटार उघडण्याची घाई करू नये. नुसते पाहून घ्यावे, फोटो काढावेत. एकदा दुसऱ्याचा पाना लागला की कोणाचा हात कोठे लागला, हे सांगणे कठीण. मात्र ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलचा वास किंवा चढता काटा असेल तर पुराव्याचा विचार नंतर. मोटार जागीच थांबवावी आणि ओढून न्यावी. गरम रेडिएटरचे झाकण तर कदापि उघडू नये.

तक्रार प्रथम सर्व्हिस मॅनेजरकडे, मग कंपनीकडे, आणि दोन्ही वेळा लेखी करावी. बिलावर वाद असेल तर आपण पैसे न देता मोटार उचलून आणू, असे कोणी समजू नये. १८७२ च्या करार कायद्यानुसार कारागिराला आपल्या श्रमाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क असतो. तेव्हा हरकत लेखी नोंदवून पैसे भरावेत व भांडण पुढे चालवावे. पण त्याच कायद्याने, ताब्यात आलेली वस्तू शहाण्या माणसाने स्वतःची सांभाळावी तशी सांभाळण्याचे कर्तव्यही कारागिरावर टाकले आहे.

एवढ्यानेही दाद न मिळाल्यास ग्राहक आयोग आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, वर्कशॉपाच्या गावी जावे लागत नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सल्ला मिळतो. पण अपेक्षा प्रमाणशीर असावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात सांगितले की, हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर तिच्या आधारे संपूर्ण मोटार बदलून मागता येत नाही. ग्राहकाला झालेल्या त्रासाची भरपाई मात्र त्याच निकालात देवविली. आयोगासमोरही शेवटी प्रश्न तोच येतो: फांदी कोणी मोडली? आणि त्याचे उत्तर आपल्या आवाजाच्या चढण्यातून मिळत नाही, जॉबकार्डातून, फोटोंतून आणि तज्ज्ञाच्या अहवालातून मिळते.

आमच्या मोटारीच्या कप्प्यात आता एक वही असते. मोटारीला काय झाले, केव्हा झाले, हे तीत लिहितो. आपल्या खऱ्या तक्रारीला ती बळ देते हा तिचा एक उपयोग. दुसरा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: निरपराध माणसावर बोट उगारण्यापूर्वी ती वही उघडावी लागते, आणि ती उघडेपर्यंत राग थोडा निवतो.