मालक मेल्यावर गुलामांचं काय व्हायचं?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. तेव्हापासून हा विषय मराठी वाचकाच्या कानावर आहे. पण डोळ्यांपुढे येतं ते चित्र बहुधा सिनेमातलं: बाजारातला ओटा, बोली पुकारणारा दलाल, साखळदंड. ते खोटं नाही, अपुरं आहे. दक्षिणेकडच्या मळेवाल्या घराण्यांत माणसं एका हातातून दुसऱ्या हातात जायची ती मोठ्या प्रमाणावर कागदांवरून: मृत्युपत्र, वाटणीपत्र, लग्नाचा करार. जॉर्ज वॉशिंग्टन गुलामांचा मालक झाला तो अकराव्या वर्षी. १७४३ साली बाप वारला आणि जमिनीबरोबर दहा माणसं पोराच्या नावावर चढली. हे कागद बाजूला ठेवून गुलामगिरीबद्दल बोललं की काही समजुती हमखास चुकतात.

‘मालक सज्जन असेल तर कुटुंबं एकत्र राहायची’

सगळ्यांत चिवट समजूत हीच. सज्जन मालकही एक दिवस मरतो, हे तिच्यात धरलेलंच नसतं. तो गेला की त्याचा भला स्वभावही गेला. पुढचं सगळं कायदा बघायचा. कोर्ट आसपासच्या काही जमीनदारांना पंच म्हणून नेमायचं. ते मळ्यावर येऊन मालमत्तेची यादी करायचे. नांगर, बैल, पिंपं, गाद्या, आणि त्याच कागदावर माणसं: नाव, कधी वय, पुढे डॉलरमध्ये किंमत. थकलेल्या म्हाताऱ्यांपुढे शून्य पडायचं, कारण त्यांच्याकडून काम होणार नसे आणि पोसायचा खर्च मात्र असे. आधी मयताची कर्जं फिटायची. उरलेल्यांचे साधारण सारख्या किमतीचे गट पाडून वारसांत वाटायचे, बरेचदा चिठ्ठ्या टाकून. एखादा गट भारी निघाला तर तो मिळालेल्याने बाकीच्यांना फरक रोख द्यायचा. गट जुळवायचे ते किमतीने. कोण कोणाची बायको आणि कोण कोणाचं लेकरू, हे बघायला पंच बांधलेले नव्हते. वारस अज्ञान असेल तर पालक त्याच्या वाट्याची माणसं वर्षाच्या कराराने भाड्याने लावायचा आणि त्या पैशांत पोराचं शिक्षण व्हायचं.

थोरल्या मुलाला सगळं जायचं, हाही गैरसमज इथेच निकालात काढू. इंग्लंडची ती रीत व्हर्जिनियाने स्वातंत्र्यानंतर, १७८५ साली मोडली. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलांना, मुलींनासुद्धा, सारखा वाटा. सुधारणा म्हणून ती चांगलीच होती. पण आपल्याकडे वाटण्या होता होता शेताच्या चिंध्या होतात, तशा तिथे गुलामांच्या कुटुंबांच्या झाल्या.

मेरीलँडमध्ये १८२७ च्या ऑक्टोबरात अशीच एक वाटणी झाली. मालक ॲरन अँथनी मृत्युपत्र न करताच वारला होता. बाल्टिमोरला अँथनीच्या जावयाच्या भावाकडे राहणारा एक नऊ वर्षांचा मुलगा या वाटणीसाठी मुद्दाम परत आणला गेला. घोडे, मेंढ्या, डुकरं आणि माणसं यांची एकाच ठिकाणी तपासणी होऊन किमती ठरल्या. मुलाला धास्ती एकच, आपण अँड्र्यूच्या वाट्याला तर जाणार नाही ना! अँथनीच्या या मुलाने त्याच सुमारास त्या पोराच्या धाकट्या भावाला जमिनीवर आपटून, नाकाकानांतून रक्त येईपर्यंत बुटाच्या टाचेने त्याचं डोकं तुडवलं होतं. सुदैवाने तो पोरगा जावयाच्या, थॉमस ऑल्डच्या, हिश्श्यात गेला आणि बाल्टिमोरला परतला. हा मुलगा म्हणजे पुढचा फ्रेडरिक डग्लस. त्याची वाणी आणि लेखणी पुढे साऱ्या अमेरिकेला ऐकावी लागली, पण त्या दिवशी त्याला कोणी विचारलं नव्हतं.

थॉमस जेफरसनची गोष्ट अधिक बोचरी, कारण माणसं जन्मतः समान असल्याचा जाहीरनामा त्याच्या हातचा. १७७३ साली सासरा जॉन वेल्स वारला तेव्हा जेफरसनकडे १३५ माणसं, सुमारे ११ हजार एकर जमीन आणि सासऱ्याचं कर्जही आलं. तो स्वतः ४ जुलै १८२६ रोजी गेला तेव्हा डोक्यावर एक लाख सात हजार डॉलरहून जास्त देणं होतं. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्ती दिली होती. त्यांत मळ्यावरचा लोहार जो फॉसेट होता. पण बायको इडिथ, जी जेफरसनचीच फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकलेली आचारीण होती, आणि मुलं यांचं नाव त्यात नव्हतं. १८२७ च्या जानेवारीत मोंटिसेलो या त्याच्या मळ्याच्या आवारात १३० माणसांचा लिलाव झाला. लवकरच स्वतंत्र होणार असलेला जो फॉसेट तिथे उभा राहून आपलं कुटुंब वेगवेगळ्या घरी जाताना बघत होता. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा. जोने पुढे आप्तांच्या मदतीने बायकोला आणि काही मुलांना सोडवलं. पीटरला मात्र सुटायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. नंतर तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला. जेफरसन घरच्या गुलामांशी मायेने वागत असे, असं त्याचे चाहते सांगतात. वागतही असेल. सावकारांना त्याच्याशी काय देणंघेणं?

आणि हे अपवादात्मक नव्हतं. साउथ कॅरोलायनातल्या गुलामविक्रीचा अभ्यास सांगतो की यादवी युद्धापूर्वीच्या काळात तिथल्या विक्रीपैकी सुमारे निम्मी कोर्टाच्या हुकुमाने किंवा देखरेखीखाली होत असे: कर्जवसुली आणि मयताच्या मालमत्तेचा निपटारा. काळ्या मनाचा दलाल होताच, पण त्याच्या आधी शिक्का मारणारा कारकून होता.

‘मालकापासून झालेलं मूल स्वतंत्र असायचं’

नाही. इंग्लिश कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. त्याच आधारावर एलिझाबेथ की या स्त्रीने, बाप इंग्रज होता म्हणून, व्हर्जिनियात १६५६ साली दावा लावून स्वतःची सुटका करून घेतली. मळेवाल्यांना धोका कळला. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. एका ओळीच्या या नियमाने दोन कामं झाली. गोऱ्या बापाची वारसदारी उरली नाही, आणि गुलाम स्त्रीला झालेलं प्रत्येक मूल मालकाच्या मालमत्तेत भर म्हणून जमा होऊ लागलं. अजून न जन्मलेल्या मुलांची सोयही मृत्युपत्रांत लावलेली सापडते: बाई एकीला आणि तिला पुढे होणारी मुलं दुसरीला.

जेफरसनच्या सासऱ्याकडून आलेल्या १३५ माणसांत बेटी हेमिंग्ज आणि तिची मुलं होती. त्यांतल्या सहा मुलांचा बाप खुद्द वेल्स होता, असं हेमिंग्ज कुटुंबातच सांगितलं जायचं, आणि इतिहासकारही ते मानतात. म्हणजे त्या सहांतली धाकटी सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण. एकाच बापाच्या दोन मुली. एकीला वारसा मिळाला आणि दुसरी त्या वारशात मोजली गेली. सॅलीला पुढे जेफरसनपासून मुलं झाली. त्यांतल्या दोघांची नावं मुक्ती मिळालेल्या त्या पाच जणांत आहेत. सॅलीचं नाव नाही.

‘गुलाम बाळगणं हा पुरुषांचा मामला’

मळेवाले बाप मुलांना जमीन आणि मुलींना गुलाम द्यायला राजी असत. जमीन जागची हलत नाही, माणसं मुलीबरोबर सासरी पाठवता येतात. आंदणात बटकी पाठवायची चाल आपल्याकडेही पेशवाईत होती, तेव्हा फार नाक वर करायचं कारण नाही. लग्नानंतर बायकोची मालमत्ता नवऱ्याची होई, म्हणून माहेरचे लोक विश्वस्त नेमून, करार करून मुलीचा वाटा राखत. मिसिसिपीने १८३९ साली विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता ठेवता येईल असा कायदा केला. स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं. त्याच्या पाच कलमांपैकी चार गुलामांबद्दल आहेत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडनटन गावी मार्गारेट हॉर्निब्लो ही बाई १८२५ साली वारली. हॅरिएट जेकब्ज ही बारा वर्षांची मुलगी तिची गुलाम होती. मालकिणीने तिला वाचायला, शिवण-टिपण करायला शिकवलं होतं, आणि मरताना ती आपल्याला मोकळं करून जाईल अशी आशा मुलीला होती. मृत्युपत्राची पुरवणी उघडली तर हॅरिएट बाईच्या तीन वर्षांच्या भाचीला दिलेली. सोबत एक कपाट, शिवणकामाचं टेबल आणि त्यांतल्या वस्तू. भाची लहान, म्हणून सगळी सत्ता तिच्या बापाच्या, डॉ. नॉरकॉमच्या, हाती गेली आणि त्याने या पोरीच्या मागे लागून तिला जिणं नकोसं केलं. हॅरिएट सुमारे सात वर्षं आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभंही राहता येत नाही अशा जागेत लपून राहिली आणि १८४२ साली उत्तरेला निसटली. एवढं होऊनही कागद जिवंतच होता. भाचीचं लग्न झालं तसा तिचा नवरा आपला माल शोधत न्यूयॉर्कला आला. अखेर १८५२ साली एका हितचिंतक स्त्रीने ३०० डॉलर भरून तो हक्क संपवला.

हे सारं मूठभर बड्या घराण्यांपुरतं होतं, असंही म्हणतात. १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांहून जास्त गुलाम आणि ३ लाख ९० हजारांहून जास्त मालक नोंदले आहेत. वीस किंवा अधिक गुलाम असलेले त्यांत ४६ हजारांच्या आसपास. मिसिसिपीत जवळजवळ निम्म्या स्वतंत्र कुटुंबांकडे गुलाम होते. लहान मालकाकडे चारच माणसं आणि वारसही चार असले, तर वाटणी कशी व्हायची हे सांगायला नको.

‘वॉशिंग्टनने आपले सगळे गुलाम मुक्त केले’

यातला ‘आपले’ हा शब्द फसवा आहे. १७९९ साली माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले वॉशिंग्टनच्या मालकीचे १२३. काही भाड्याने आणलेले. उरलेले १५३ बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या, डॅनियल पार्क कस्टिसच्या, मालमत्तेतले. कस्टिस १७५७ साली मृत्युपत्राविना वारला. विधवा मार्थाला कायद्याने एक तृतीयांश वाटा मिळाला, पण तहहयात उपभोगापुरता. ती ८४ माणसं तिला विकता येत नव्हती की मुक्त करता येत नव्हती. ती कस्टिस वारसांची, आणि बायकांना मुलं होत गेली तशी ८४ ची १५३ झाली, तीही वारसांचीच. ओना जज ही त्यांतलीच. मार्थाच्या नातीला ती लग्नात भेट म्हणून दिली जाणार हे कळताच १७९६ च्या मे महिन्यात ती फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून पळाली. न्यू हॅम्पशायरमध्ये तिने संसार केला आणि १८४८ साली तिथेच वारली. कायद्याच्या लेखी ती आणि तिची मुलं शेवटपर्यंत कस्टिसांची मालमत्ता होती.

वॉशिंग्टनच्या १२३ जणांना मार्थाने १ जानेवारी १८०१ रोजी मोकळं केलं. दोन्ही गटांत आपसांत लग्नं झालेली होती, त्यामुळे एकाच खोपटात नवरा स्वतंत्र आणि बायको-मुलं गुलाम अशी स्थिती आली. १८०२ साली मार्था वारली आणि कस्टिसांची माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.

मृत्युपत्रात मुक्ती लिहिली की माणूस सुटला, हेही खरं नाही. आधी कर्ज, मग देणग्या, मग राज्याचा कायदा. व्हर्जिनियात १८०६ पासून मुक्त झालेल्याने वर्षभरात राज्य सोडायचं होतं, घरचे गुलामीत असले तरी. त्या चार नातवंडांतला जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ साली वारला. आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावं, पण आधी चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर द्यावेत, असं त्याने लिहून ठेवलं होतं. अंमलबजावणी जावयाकडे, म्हणजे रॉबर्ट ई. ली याच्याकडे होती. मालक मेला म्हणजे आपण सुटलो, अशी कस्टिसच्या माणसांची समजूत होती. लीने त्यांना कामाला लावलं, काहींना भाड्याने दिलं, आणि १८५९ साली पळालेल्या वेस्ली नॉरिसला पकडून आणल्यावर फटके मारवले, हे नॉरिसनेच १८६६ साली सांगितलं. दक्षिणेच्या फौजेचं नेतृत्व करत असताना लीने मुक्तीच्या दस्तावर सही केली ती २९ डिसेंबर १८६२ रोजी. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तीन दिवसांनी लागू होणार होता, आणि त्यांतली बरीच माणसं जिथली होती ते कस्टिसचं आर्लिंग्टन उत्तरेच्या फौजेने १८६१ च्या मे महिन्यातच ताब्यात घेतलं होतं.