हरण्याची ऐपत

5 फेब्रुवारी 1943 ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने शुगर रे रॉबिन्सनला आठव्या फेरीत दोरांमधून रिंगबाहेर फेकलं आणि गुणांवर हरवलं. सलग चाळीस लढती जिंकलेल्या रॉबिन्सनचा व्यावसायिक रिंगणातला हा पहिला पराभव. दोन आठवड्यांनी तो न्यूयॉर्कमध्ये जॅकी विल्सनशी लढून जिंकला. मग 26 तारखेला पुन्हा डेट्रॉइट गाठून त्याने लामोटाची उधारी फेडली. एका महिन्यात तीन लढती, आणि मध्ये खाल्लेल्या माराचा कुणी बाऊही केला नाही.

आज असा पराभव झाला तर बॉक्सरचा भाव पडतो. फ्लॉइड मेवेदरने 1996 ते 2017 या काळात पन्नास लढती केल्या आणि पन्नासही जिंकल्या. त्याच्या बचावाची नजाकत वादातीत आहे. पण ‘एकही हार नाही’ हाच त्याचा माल होता, आणि तो त्याने जिवापाड जपला. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी त्याच्या लढतीची बोलणी 2009 पासून चालली होती. ती 2015 मध्ये झाली तोवर एक अडतीसचा, दुसरा छत्तिसाचा होता, आणि मधल्या काळात मेक्सिकोच्या मार्केझने पॅकियाओला एका ठोशात झोपवलंही होतं. तरी अमेरिकेत 46 लाख ग्राहकांनी शंभरेक डॉलर मोजून ती पाहिली. लढत रटाळ झाली, गल्ला विक्रमी जमला. बॉक्सिंग बुडालं म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

बुडाल्याची ही ओरड तशी जुनीच. बॉक्सिंगवर लिहिणारा पत्रकार ए. जे. लीबलिंग 1950 च्या दशकातच लिहीत होता की टीव्हीने गल्लीबोळांतली बॉक्सिंग क्लब मारले. त्याचं म्हणणं खरंच होतं. दाढीच्या ब्लेडवाल्यांच्या पैशावर घरबसल्या फुकट लढत दिसते म्हटल्यावर नवख्या पोरांच्या लढतीचं तिकीट कोण काढणार? नवखा घडायचा तो तिथेच, छोट्या हॉलमध्ये, हरत हरत. मग टीव्हीही हळूहळू दुरावला. 1962 मध्ये बेनी पॅरेटला एमिल ग्रिफिथने दोरांत अडकवून मारलेले ठोसे घराघरांत थेट दिसले. पॅरेट काही दिवसांनी दगावला. 1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि त्यातून उठलाच नाही. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. मोठ्या लढती पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्यांवर गेल्या आणि चालताबोलता सामना पाहणारा माणूस तुटला.

जुन्या काळाचे गोडवे गाताना आम्ही शौकीन मंडळी एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. तो काळ फ्रँकी कार्बोसारख्या गुंडांच्या मुठीत होता. 1947 ची बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली खुद्द लामोटाने 1960 मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. महिन्यात तीन लढती करणाऱ्यांच्या मेंदूचं पुढे काय झालं, हेही विचारायला हवं. रॉबिन्सनचा शेवट अल्झायमरने झाला.

तरी एक नुकसान मला खरं वाटतं. पूर्वी ठळक असे आठ वजनी गट होते, आणि हेवीवेटचा जगज्जेता कोण हे बॉक्सिंगशी संबंध नसलेल्यालाही ठाऊक असे. आता गट निदान सतरा आणि जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या संघटना चार. म्हणजे एका वेळी अडुसष्ट तरी जगज्जेते होऊ शकतात, हंगामी वगैरे वेगळेच. पट्टा सांभाळायचा तर हरणं परवडत नाही, आणि हरणं परवडत नाही म्हणून तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला टाळायचं. 1999 मध्ये लेनक्स लुईस हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला. त्याच्यानंतरचा तसा जगज्जेता मिळायला 2024 उजाडलं, आणि त्यासाठी सौदी अरेबियाला थैली सैल करावी लागली.

18 मे 2024 ला रियाधमध्ये ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र आणले. फ्युरीशी परतीची लढत ठरलेली होती, पण एका संघटनेला तिचा नेमून दिलेला आव्हानवीर आधी हवा होता. महिना-दीड महिन्यात तो पट्टा उसिककडून सुटला आणि डॅनियल ड्युबॉइस हाही जगज्जेता म्हणवू लागला, उसिकला न हरवता. आधीच्या वर्षी उसिकने त्याला नवव्या फेरीत बाद केलं होतं. 19 जुलै 2025 ला वेम्ब्लीत दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी पाच फेऱ्याच पुरल्या.