काश्मीरांतील ट्यूलिपची बाग : जाण्यापूर्वीं थोडा हिशेब

रब्बीची मळणी आटोपली म्हणजे चार दिवस कोठें तरी बाहेर पडावें असें पुष्कळांच्या मनांत येतें. श्रीनगरची ट्यूलिपची बाग पाहण्याचा बेत अलीकडे बागाईतदार मंडळींतही ऐकूं येतो. बेत उत्तम आहे; मात्र तारीख आधीं पक्की करून मग फुलांची वाट पाहण्याचा हा प्रकार नव्हे.

ही बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं, दल सरोवराच्या वरच्या अंगास, उतारावर टप्प्याटप्प्यांनीं बांधलेली आहे. सन २००७ मध्यें ती लोकांस खुली झाली. विस्तार सुमारें ३० हेक्टर. सन २०२३ मध्यें तेथें सुमारें १५ लक्ष कंद होते. एवढा पसारा, पण पाहावयास सांपडतो जेमतेम महिनाभर. सन २०२३ मध्यें बाग १९ मार्चला उघडली, सन २०२५ मध्यें २६ मार्चला.

याचें कारण कांदा करणारास सहज उमगेल. थंडी अधिक लागली कीं कांद्यास डेंगळे येतात व आपण कपाळास हात लावतों. ट्यूलिपला मात्र तीच थंडी हवी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत कंद पुरतात. पुढें तीन-साडेतीन महिने गारठा मिळाला तरच फुलाचा दांडा नीट लांबतो. आपल्या पठारावर हें फूल कां रमत नाहीं, तें यावरून समजावें. ऊन तापलें तर बहर लवकर ओसरतो. गारा पडल्या तर पाकळ्या फाटतात. लवकर, मध्यम व उशिरा फुलणाऱ्या जाती मिळून लावतात, म्हणून दिवस थोडे लांबतात इतकेंच.

सबब एप्रिलचा पहिला आठवडा धरावा व दोन दिवस हातचे राखावे. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरास आगगाडी जाते. जम्मूकडील सडक पावसांत दरडी कोसळून अडते. बागेंत भल्या पहाटे जाण्याची घाई नको. गारठ्यांत हें फूल मिटलेलें असतें, ऊन चढल्यावर उमलतें. घरांतील स्त्रियांस अवश्य न्यावें. वर्षभराची खुरपणी त्यांच्याच हातची असते.

खरी अडचण घरचीच आहे. उन्हाळी कांद्याची काढणी नेमकी याच दिवसांत येते, आणि काढलेला कांदा वळिवांत भिजला तर वर्ष बुडतें. आम्हांस विचाराल तर, यंदा एका भावानें जावें व दुसऱ्यानें कांदा काढावा. पुढील वर्षीं उलट.