नक्कल सोडलेला पंप

हृदय पार थकलेल्या रुग्णाच्या डाव्या निलयाच्या टोकाशी बसवला जाणारा 'हार्टमेट ३' हा पंप जेमतेम २०० ग्रॅमचा आहे. निलयातलं रक्त ओढून तो थेट महाधमनीत सोडतो, मिनिटाला १० लिटरपर्यंत. मूळ हृदय जागेवरच राहतं.

सुरुवातीचे पंप हृदयासारखेच धडधडत. त्यांना झडपा होत्या, रक्त भरणारी नि रिकामी होणारी पिशवी होती. हृदयरोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांवरच्या 'रीमॅच' चाचणीचे निष्कर्ष २००१मध्ये आले. वर्षभरानंतर पंपवाले ५२ टक्के हयात होते, नुसत्या औषधांवरचे २५. दोन वर्षांनी मात्र पंपवालेही २३ टक्क्यांवर आले. जंतुसंसर्ग होई, आणि दिवसाला लाखभर ठोके देणारं यंत्र झिजून जाई.

वाट सापडली ती इजिप्तमध्ये. स्क्रू फिरवून पाणी उपसणारी माणसं डॉक्टर रिचर्ड वॅम्पलर यांनी तिथे पाहिली. मग रक्तही तसंच सलग का वाहू नये? एवढ्या वेगात रक्तपेशी फाटतील, असं जाणकार म्हणत. १९८८मध्ये ह्यूस्टनला शल्यविशारद ओ. एच. फ्रेझियर यांनी वॅम्पलरांचा 'हेमोपंप' रुग्णाला लावला. तो तात्पुरताच होता, मिनिटाला २५,००० फेरे घेणारा. पण रक्त टिकलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हृदयाची नक्कल सोडण्याची ही हिंमत.

सलग प्रवाहाच्या पंपावरच्या माणसाची नाडी अनेकदा हाताला लागत नाही. रक्तदाबही डॉप्लर लावून मोजावा लागतो. 'हार्टमेट ३'चं चक्र चुंबकीय बलावर तरंगतं, कशालाही घासत नाही. दर दोन सेकंदांनी ते वेग कमी-जास्त करतं, पण नाडी उमटावी म्हणून नव्हे, आतलं रक्त साचून गोठू नये म्हणून. मनदीप मेहरा यांच्या नेतृत्वाखालच्या 'मोमेंटम ३' चाचणीत १,०२८ रुग्ण होते. दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचा संशय १.४ टक्के रुग्णांत आला, सलग प्रवाहाच्याच आधीच्या पंपात १३.९ टक्क्यांत. पाच वर्षांनी नव्या पंपाचे ५८ टक्के रुग्ण हयात होते.

त्यांचं रोजचं जगणं मात्र पोटातून बाहेर येणाऱ्या केबलला बांधलेलं असतं. जखमेचं ड्रेसिंग, बॅटऱ्यांची अदलाबदल, झोपताना भिंतीतला प्लग, रक्त पातळ ठेवणारी गोळी. पोहणं बंद. घरातल्या एखाद्याला हे सगळं शिकून घ्यावंच लागतं, आणि त्या माणसाच्या कष्टांची दखल फार कमी घेतली जाते. आता सुटायला हवी ती ही केबल. २०१८ साली कझाकस्तानात अस्तानाला दोन रुग्णांच्या पंपांना छातीभोवतीच्या पट्ट्यातून बिनतारी वीज देऊन पाहिली गेली. खबरदारी म्हणून केबल मात्र ठेवली होती.