बेंझ : ब्लॅक फॉरेस्ट ते चाकण

चाकणच्या कारखान्याच्या पाटीवर ‘मर्सिडीज’च्या जोडीला दिसणारं ‘बेंझ’ हे दक्षिण जर्मनीतलं जुनं आडनाव आहे. आपल्याकडे रामचंद्रचा रामू होतो, तसा तिकडे बर्नहार्ड किंवा बेर्टोल्डचा बेंझ व्हायचा. मध्ययुगात आडनावं वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा अशी लाडाची नावं पुढच्या पिढ्यांना चिकटली.

मोटारकर्ते कार्ल बेंझ यांचं घराणं ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागातल्या फाफेनरोट गावचं. वडील रेल्वेत इंजिनचालक होते. १८४६ मध्ये ते वारले, तेव्हा कार्ल दोन वर्षांचेही नव्हते. आईने हलाखीत त्यांना शिकवलं. १८८३ मध्ये मानहाइमला ‘बेंझ आणि कंपनी’ उभी राहिली. १८८६ मध्ये त्यांना तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळालं आणि १९२६ मध्ये त्यांची कंपनी डाइमलरशी एक झाली.

भारतात हे आडनाव आधी आलं ते ट्रकवर. १९५४ च्या करारानंतर टाटांची टेल्को कंपनी जमशेदपूरला ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बनवू लागली. १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को आवारात ई-क्लास मोटारी जोडल्या जाऊ लागल्या आणि २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. आडनावं एरवी माणसांबरोबर फिरतात. हे आडनाव यंत्राबरोबर आलं आणि इथल्या कामगारांच्या रोजच्या बोलण्यात रुळलं.